वजन वाढलं की सीआरपी का वाढतो, आणि घरातल्या बारीक माणसाचंही पोट टेपने का मोजायचं

प्रश्न आलाय तो आधी थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ४४, उंची १६८ सेंमी, वजन ८६ किलो, अंबडला कंपनीत शिफ्ट ड्युटी. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ताची टेस्ट) ४.८ आला आणि पुढे लाल अक्षरात हाय लिहून आलं. ताप नाही, जखम नाही, अंगावर कुठे सूज नाही, मग डॉक्टर नुसतं वजन कमी करा का म्हणाले? दुसरं म्हणजे मिसेसचं वजन फक्त ५८, तरी सोनोग्राफीत तिला फॅटी लिव्हर निघालं ते कसं? आणि तिसरं, घरचे सगळे हळदीच्या कॅप्सूल चालू कर म्हणतायत, करू का?

मी नाशिकमध्येच फिजिशियन आहे, बरीच वर्षं शुगर, बीपी, लठ्ठपणा याच पेशंटमध्ये गेलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. तुमचे तिन्ही प्रश्न एकाच ठिकाणी येऊन मिळतात, ते म्हणजे पोट. काटा किती दाखवतो त्यापेक्षा चरबी कुठे साठलीय हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि नेमकं तेच कुठल्याच पॅकेजच्या रिपोर्टमध्ये नसतं.

आधी रिपोर्टचं बघू. सीआरपी हे लिव्हरने बनवलेलं प्रोटीन आहे, १९३० साली न्यूमोनियाच्या पेशंटच्या रक्तात पहिल्यांदा सापडलं. शरीरात कुठेही इन्फेक्शन, मार, दाह असं काही झालं की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप रक्तात सोडतात, तो लिव्हरला पोचला की लिव्हर सीआरपी बनवायला लागतं. न्यूमोनियात हा आकडा शंभरच्या वर सहज जातो. तुमचा ४.८ त्या जातीचा नाहीये. हार्टच्या रिस्कसाठी साधारण असं धरतात की १ च्या खाली कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त, आणि १० च्या वर आला तर तो वजनाचा समजूच नका, आधी इन्फेक्शन किंवा दुसरा आजार शोधायचा आणि दोन आठवड्यांनी परत करायचा. एक मात्र नक्की बघा, रिपोर्टवर मिलिग्रॅम पर लिटर लिहिलंय का पर डेसिलिटर, कारण काही लॅब डेसिलिटरमध्ये देतात आणि मग ०.४८ बघून लोक खुश होतात, ४.८ बघून घाबरतात, आणि दोन्ही आकडे एकच असतात.

आता वजनाचा आणि याचा संबंध काय. चरबी म्हणजे नुसतं गोडाऊन, जास्तीचं खाल्लं की तिथे पडून राहतं, असं डॉक्टर लोकही बरीच वर्षं मानत होते. १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ नावाचा दाह वाढवणारा पदार्थ तयार होताना दिसला आणि तोच इन्शुलिनचं काम अडवतो हेही दिसलं. पुढच्याच वर्षी लेप्टिन सापडलं, म्हणजे चरबी हार्मोनही सोडते हे कळलं. मग २००३ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी दाखवलं की लठ्ठपणात चरबीच्या आत मॅक्रोफेज, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीच्या साफसफाई करणाऱ्या पेशी, गर्दी करून बसलेल्या असतात.

त्या तिथे का जमतात हे निफाड-लासलगावकडच्या माणसाला लगेच कळेल. कांद्याच्या चाळीत मापात कांदा भरला, खालून-बाजूने हवा खेळती राहिली तर माल महिनोन्महिने टिकतो, पण भाव येईल म्हणून चाळ ठासून भरली की मधल्या कांद्याला हवा लागत नाही, तो आतून सडायला लागतो, आणि बाहेरून चाळ ठीकच दिसते. चरबीच्या पेशीचं तसंच होतं. पेशी फुगत जाते, रक्तवाहिन्या त्या मानाने वाढत नाहीत, ऑक्सिजन कमी पडतो, काही पेशी मरतात, मग मेलेल्या पेशी उचलायला मॅक्रोफेज येतात आणि मेलेल्या पेशीभोवती कडं करून बसतात. मायक्रोस्कोपखाली ते मुकुटासारखं गोल दिसतं. या बसलेल्या पेशी मग टीएनएफ, इंटरल्युकिन-६ असे पदार्थ सोडत राहतात, आणि आणखी पेशींना बोलावणं धाडणारे पदार्थही सोडतात, म्हणून गर्दी वाढतच जाते. त्याच वेळी अॅडिपोनेक्टिन नावाचा चांगला हार्मोन, जो दाह कमी ठेवतो, त्याचं प्रमाण खाली येतं.

हे सगळं पेशींच्या पातळीवर, मंद गतीने, वर्षानुवर्षं चालतं. दुखत नाही, ताप नाही, बाहेर लाल होत नाही. म्हणून तुमच्या अंगावर सूज दिसत नाही तरी लिव्हरला निरोप जातोय आणि सीआरपी ४.८ येतोय. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्व्हेवरचा अभ्यास १९९९ मध्ये आला होता, त्यात लठ्ठ पुरुषांमध्ये सीआरपी वाढलेला असण्याची शक्यता नॉर्मल वजनाच्या पुरुषांच्या दुपटीपेक्षा थोडी जास्त होती, आणि लठ्ठ बायकांमध्ये सहा पट.

आता पोट का म्हणतेय. चरबी दोन जागी साठते. एक कातडीखाली, मांड्या, नितंब, दंड, पोटावरची चिमटीत येते ती. दुसरी पोटाच्या आत, आतड्यांभोवती, ती चिमटीत येत नाही, पोट टणक आणि पुढे आलेलं दिसतं. आतल्या चरबीचं बरंचसं रक्त थेट पोर्टल व्हेनमधून लिव्हरमध्ये जातं, म्हणजे तिने सोडलेला सगळा माल आधी लिव्हरवर. कातडीखालची चरबी तेवढी त्रासदायक नाही, हे २००४ च्या एका अभ्यासाने फार छान दाखवलं. १५ लठ्ठ बायकांच्या पोटावरची कातडीखालची चरबी लायपोसक्शनने काढली, प्रत्येकीची साधारण १० किलो, आणि काही आठवड्यांनी तपासलं तर सीआरपी, इंटरल्युकिन-६, टीएनएफ, इन्शुलिनचं काम, कशातच सुधारणा नाही. दहा किलो कमी होऊन रक्तात काही फरक नाही! तेच दहा किलो चालून-खाऊन घालवले तर आतली चरबी आणि लिव्हरमधली चरबी आधी उतरते आणि मग रक्त बदलतं. म्हणून पोटावरची चरबी मशीनने काढून द्या असं विचारायला जे येतात त्यांना मी हाच अभ्यास सांगते.

तुमच्या मिसेसचं उत्तर इथेच आहे. पुण्यात केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर कित्येक वर्षं काम केलंय, आपले लोक दिसायला बारीक पण आतून चरबीवाले असतात हे जगाला त्यांनीच पटवून दिलं. २००४ साली लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये त्यांचा एक फोटो आला होता, ते स्वतः आणि लंडनचे प्रोफेसर युडकिन शेजारी शेजारी, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन-उंची सेम, माल वेगळा. आपल्याकडे स्नायू कमी, चरबी जास्त, आणि कातडीखाली साठवायची जागा लवकर भरते असं मानतात, मग उरलेली चरबी पोटात आणि लिव्हरमध्ये उतरते. मिसेसची उंची १५५ च्या आसपास असेल तर ५८ किलोला बीएमआय २४ येतो, युरोपात हा नॉर्मल, आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात. तुमचा ३०.५ येतो. सरकारच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्व्हेत देशातल्या ४० टक्के बायकांचं पोट मापाच्या बाहेर होतं, पुरुषांचं १२ टक्के. पाळी जायच्या वयात बायकांची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकते, आणि घरात सगळ्यांचं करता करता तिचं स्वतःचं चेकअप सर्वात शेवटी होतं, म्हणून तिचा रिपोर्ट तुमच्याइतकाच गांभीर्याने घ्या ही माझी मनापासून विनंती आहे.

पोट मोजायचं कसं ते नीट सांगते कारण नव्वद टक्के लोक चुकीचं मोजतात. पुरुष हमखास म्हणतात मॅडम माझी कंबर ३६, पॅन्ट ३६ ची लागते. पॅन्ट पोटाच्या खाली बांधलेली असते हो! टेलरकडे असते ती साधी टेप घ्या, शर्ट वर करा, उभे राहा, बाजूला हाताने शेवटची बरगडी चाचपा आणि खाली कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी सरळ गोल फिरवा, आवळू नका, पोट आत ओढू नका, श्वास साधा सोडून झाला की आकडा वाचा. माझ्या इथे पॅन्ट ३६ सांगणाऱ्याचं माप १०० सेंमीच्या पुढे निघणं रोजचंच आहे. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० सेंमी ही आपली हद्द. त्याहून सोपं म्हणजे पोट उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवं, तुमची उंची १६८ तर पोट ८४ च्या आत.

आणि आरशात मान बघा. मागच्या बाजूला, घड्यांमध्ये कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झालीय का? काखेतही होते. लोक लिंबू लावून घासतात, दगडाने घासतात, ती मळ नसतेच, इन्शुलिनला शरीर दाद देत नाही म्हणून रक्तात इन्शुलिन वाढलंय त्याची ती खूण आहे. तुम्हा दोघांपैकी कुणाला दिसली तर एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, लगेच करा. सीआरपीपेक्षा मला तुमचा एचबीए१सी, बीपी, लिपिड, लिव्हरचे एन्झाइम जास्त हवेत. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशभरातल्या अभ्यासात ११.४ टक्के प्रौढांना डायबिटीस आणि १५.३ टक्क्यांना त्याच्या आधीची पायरी सापडली, ही दुसरी संख्या माझ्या मते जास्त महत्त्वाची कारण तिथून माणूस परत फिरू शकतो.

गुडघ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही पण ८६ किलोला आज ना उद्या विचारालच. वजनाचा भार पडतो म्हणून गुडघा झिजतो हे खरंच आहे, एक किलो कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने कमी होतो. पण लठ्ठ माणसांना हाताच्या बोटांच्या सांध्यांचीही झीज जास्त होते, आणि बोटांवर कोण चालतं? म्हणजे भाराशिवायही काहीतरी आहे, आणि तो बहुतेक हाच रक्तातला दाह. २०१३ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये गुडघेदुखीच्या जाड पेशंटना दीड वर्ष डाएट आणि व्यायाम दोन्ही दिले, त्यांचं वजनही दहा टक्क्यांच्या पुढे उतरलं, दुखणंही कमी झालं आणि इंटरल्युकिन-६ पण. सोरायसिस आणि संधिवातातही वजन जास्त असलेल्यांना औषधं कमी लागू पडतात हे आम्ही बघतोच.

आता एक गोष्ट मी जरा जोर देऊन सांगणारे. जाड माणसाचं प्रत्येक दुखणं वजनावर ढकलून मोकळं व्हायची आम्हा डॉक्टरांना सवय लागलीय आणि ती धोक्याची आहे. सीआरपी वाढायला इतर कारणं भरपूर आहेत. हिरड्यांतून रक्त येणं, मिश्री, तंबाखू, सिगारेट, गर्भनिरोधक गोळ्या, आठवड्यापूर्वीची सर्दी. संध्याकाळी बारीक ताप, न प्रयत्न करता वजन उतरणं, दोन आठवड्यांवर खोकला असेल तर टीबी बघायलाच हवा. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडलेली राहत असतील, सांधे हाताला गरम-फुगलेले लागत असतील तर तो संधिवात असू शकतो, त्याला वजन कमी करा म्हणून घरी पाठवणं म्हणजे सांधे कायमचे जाऊ देणं. डॉक्टरांनी तपासलं नाही तर तपासा म्हणून सांगा, तुमचा हक्क आहे तो.

हळदीच्या कॅप्सूलचं. जेवणातली हळद बिनधास्त खा. कॅप्सूलने काही छोट्या अभ्यासांत सीआरपी थोडा उतरलेला दिसतो, पण पोटातली चरबी जिथे आहे तिथेच राहते. त्यात काळी मिरीचा अर्क घातलेल्या जास्त ताकदीच्या कॅप्सूलमुळे लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि तुमच्या घरात एक फॅटी लिव्हर ऑलरेडी आहे, म्हणून मी दोघांनाही नको म्हणेन. दाह कमी व्हावा म्हणून मेडिकलवरून अंगदुखीच्या गोळ्या आणून रोज खाणारे पण भेटतात, त्या किडनी आणि पोट दोन्ही खराब करतात, या कामाच्या नाहीतच.

एक गोष्ट समजून घ्या, सीआरपी स्वतः धमन्या खराब करत नाही असं जनुकीय अभ्यासांमधून दिसलंय, सीआरपी बनवायला लावणारा इंटरल्युकिन-६ चा रस्ता करतो. २०१७ मध्ये दहा हजारांवर हार्ट अॅटॅक येऊन गेलेल्या पेशंटवर थेट दाह अडवणारं इंजेक्शन वापरून बघितलं, कोलेस्टेरॉल न बदलता अॅटॅक कमी झाले, म्हणजे दाहाचा हार्टशी संबंध पक्का झाला, पण त्या औषधाने जीवघेणी इन्फेक्शनही थोडी वाढली. म्हणून सीआरपीचा आकडा खाली आणणं हे आपलं काम नाही, पोट खाली आणणं हे काम आहे.

ते कसं? पहिलं टार्गेट ५ ते १० टक्के, म्हणजे तुम्हाला ४ ते साडेआठ किलो, सहा महिन्यांत. अनेक अभ्यास एकत्र केले तेव्हा सरासरी एक किलो उतरलं की सीआरपी ०.१३ ने उतरतो असं दिसलं, म्हणजे आठ किलोला साधारण एक पॉइंट, आकडा छोटा वाटेल पण त्याच आठ किलोत शुगर, बीपी, लिव्हर सगळं सोबत सुधारतं. महिन्यात दहा किलोवाले प्लॅन नको, त्यात स्नायू जातात आणि पित्ताशयात खडे होतात.

रविवारची मिसळ बंद करा असं मी नाशिककरांना सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. मटकी चांगलीच आहे, प्रोटीन आहे, फायबर आहे. त्रास आहे तो तर्री, फरसाण, वरून परत रस्सा आणि चार पाव यांचा. मटकी जास्त घ्या, तर्री वरून मागू नका, पाव एक, ताक सोबत. खरा घोळ रविवारी नाहीच, तो रोज संध्याकाळी चहाबरोबर चिवडा-शेव आणि थर्ड शिफ्टला रात्री तीन वाजता खारी-बिस्कीट यात आहे. थर्ड शिफ्टला घरून फुटाणे, उकडलेली अंडी, मोड आलेली उसळ असा डबा न्या, रात्री दोन नंतर खाऊ नका. जेवताना ताटात डाळ, उसळ, दही, अंडी आधी वाढून घ्या, भात-पोळी नंतर. सीझनला द्राक्षं खा पण मूठभर आणि चावून, ज्यूस करून नाही. आणि इथे वायनरी जवळ आहेत म्हणून रेड वाईन हार्टला चांगली असते ना हे मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, हार्टसाठी म्हणून कुणी दारू सुरू करू नये, फॅटी लिव्हर असेल तर अजिबात नको.

व्यायामाचं विशेष हे की वजन फारसं हललं नाही तरी दाह कमी होतो, स्नायू आकुंचन पावताना स्वतःचे दाह आवरणारे पदार्थ सोडतात. गोल्फ क्लब, कृषीनगर, जिथे जमेल तिथे आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चाला, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. पण नुसतं चालणं पुरत नाही, आपल्याकडे मुळात स्नायूच कमी, त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला हात टेकून जोर, मग जमेल तशा बैठका. मिसेसनी हे नक्की करावं, त्यांना वजन उतरवण्यापेक्षा स्नायू वाढवणं जास्त उपयोगी पडेल.

झोप. सहा तासांपेक्षा कमी झोपेने भूक वाढते, दाहही वाढतो, शिफ्टवाल्यांचं हे फार होतं. मिसेसना विचारा तुम्ही घोरता का, घोरता घोरता मध्ये श्वास थांबून एकदम गचका देऊन परत चालू होतो का. होत असेल तर स्लीप स्टडी करा, स्लीप अॅप्निया राहिला तर बीपी पण ऐकत नाही.

वजनाच्या इंजेक्शनबद्दल तुम्ही पुढे विचारालच, २०२५ पासून आपल्याकडेही टिर्झेपॅटाइड आणि वजनाच्या डोसमधलं सेमाग्लुटाइड मिळायला लागलंय. २०२३ च्या मोठ्या ट्रायलमध्ये हार्टचा आजार आणि जास्त वजन असलेल्यांमध्ये सेमाग्लुटाइडने अॅटॅक, स्ट्रोक आणि हार्टमुळे होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी केले, सीआरपी पण चांगला उतरला. औषधं चांगली आहेत, गरजूला मी देते, पण बंद केली की वजन परत येतं आणि प्रोटीन-व्यायाम नसेल तर स्नायूही जातात. तुम्ही आधी सहा महिने वरचं करा, एचबीए१सी आणि बीपी काय येतं त्यावर ठरवू.

परत टेस्ट कधी? सीआरपी आत्ता दोन आठवड्यांनी एकदाच रिपीट करा, तेवढ्या दिवसांत सर्दी, दाताचं दुखणं, मार असं काही नसावं, आणि थर्ड शिफ्ट संपवून सकाळी तसेच लॅबमध्ये जाऊ नका, दोन रात्री नीट झोपून मग रक्त द्या. त्यानंतर सहा महिन्यांनी एचबीए१सी, लिपिड, लिव्हर एन्झाइमसोबत. मध्ये दर महिन्याला फक्त टेप, दोघांचीही, सकाळी चहाच्या आधी, आणि आकडे एका कागदावर लिहून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे घेऊन जा.